बिनपिशवीचा बर्फ

१

तिजोरीतून पाणी गळतंय हे सासरेबुवांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी पोलिसांना नाही, प्लंबरला फोन केला.

त्यांचंही काही चुकलं नव्हतं. सगळा जन्म नळ, टाइल्स आणि कमोड विकण्यात गेलेला. ओल दिसली की अशा माणसाची मान आपोआप वर जाते. त्यांची गेली. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचा त्यांनी खिडकीतून यथेच्छ उद्धार केला. मग प्लंबर आला, त्यानं भिंतीला कान लावला, छताला टिचक्या मारल्या, आणि शेवटी म्हणाला, "शेठ, पाणी वरून नाही येत. तिजोरीच्या पोटातूनच येतंय."

तिजोरी उघडली. मधल्या कप्प्यात साबणाच्या वडीएवढा बर्फाचा तुकडा होता. आणि जिथे डिस्क असायला हवी तिथे डबकं होतं.

"जावईबापू!" सासरेबुवा असे ओरडले की शोरूममधल्या काचा थरथरल्या.

जावईबापू, म्हणजे चित्रपटाचे दिग्दर्शक, घरून धावत आले. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात बायकोची. त्यांनी रिकामा कप्पा पाहिला आणि आत हात घालून चाचपून बघितलं. मग बर्फ पाहिला, आणि खरं सांगायचं तर, त्यांना जरा बरं वाटलं.

कारण बर्फ त्यांचा होता. म्हणजे कल्पना त्यांची. 'थंड डोक्यानं' या त्यांच्या चित्रपटात चोरांची टोळी बँकेतून जगातला सगळ्यात महाग हिरा पळवते. हिरा ज्या चौथऱ्यावर ठेवलाय, त्यावरचं वजन कमी झालं की अलार्म वाजतो. म्हणून चोर हिरा उचलून तेवढ्याच वजनाचा बर्फ ठेवतात. आणि आता कुणीतरी तीच युक्ती वापरून तोच चित्रपट पळवला होता! एखाद्या दिग्दर्शकाला याहून मोठी दाद ती काय मिळणार?

"कुणीतरी फार बारकाईनं बघितलाय हो सिनेमा," ते हळव्या आवाजात म्हणाले.

"बारकाई गेली खड्ड्यात!" सासरेबुवा म्हणाले. "दुसरी कॉपी कुठाय?"

दुसरी कॉपी नव्हतीच. हे डोकं सासरेबुवांचं. टाइल्सचं डिझाइन दुसऱ्या दुकानात पोचलं की धंदा बसतो, हे ते अनुभवानं शिकले होते. निर्माते झाल्यावर त्यांनी तोच नियम चित्रपटाला लावला. सगळे कॉम्प्युटर स्वतः समोर बसून पुसून घेतले, एकच डिस्क ठेवली, तिचा विमा उतरवला, आणि ती दुकानाच्या तिजोरीत टाकली. तिजोरीची किल्ली कॅलेंडरमागच्या खिळ्याला. ती तिथे असते हे गिऱ्हाइकांनासुद्धा ठाऊक होतं.

"नीट ऐका," सासरेबुवा म्हणाले. "चोर बाहेरचा निघाला तर विमा मिळेल, तुम्ही परत सिनेमा काढा. डिस्क सापडली तर शुक्रवारी थिएटरला लावा. यातलं काहीच झालं नाही, तर सोमवारपासून तुम्ही कमोड विभागात."

दिग्दर्शकांच्या डोळ्यांपुढे ते पांढरे, चकचकीत, तोंड उघडून बसलेले कमोड ओळीनं उभे राहिले. लग्नानंतरची सात वर्षं त्यांनी त्या विभागात काढली होती. तिथे परत जाण्यापेक्षा तुरुंग बरा.

२

विमा कंपनीच्या तपासनीस बाई दुपारी आल्या. ठेंगण्या, दम लागलेल्या, हातात कापडी पिशवी. शोरूममध्ये खुर्च्या नव्हत्या, म्हणून त्या विक्रीच्या एका कमोडवर झाकण लावून ऐसपैस बसल्या आणि समोरचा कमोड दाखवून म्हणाल्या, "बसा. एकेकानं या."

"आधी सिनेमाची गोष्ट कळली पाहिजे तुम्हाला," दिग्दर्शक म्हणाले.

"मला तेच हवंय. सिनेमा मी बघू शकत नाही, तो चोरीला गेलाय. तेव्हा प्रत्येकानं मला दोनच गोष्टी सांगायच्या. त्यात चांगलं काय आणि वाईट काय."

"चोरीशी याचा काय संबंध?"

"ते मी बघेन. काल रात्री तिजोरीत ठेवायच्या आधी हा सिनेमा कुणी कुणी पाहिला?"

पाचच जणांनी. इथेच, गोदामाच्या भिंतीवर. सासरेबुवा, दिग्दर्शक, त्यांची बायको, हिरो, आणि एडिटर बाई, जिला सगळे तोंडावरसुद्धा कात्री म्हणत. सहाव्या माणसाला सासरेबुवांनी आत येऊ दिलं नव्हतं.

चांगलं काय, यावर दिग्दर्शक बराच वेळ बोलले. छायाप्रकाश, वेग, चौथऱ्याभोवती फिरणारा कॅमेरा. बाईंनी जांभई दाबली.

"आणि वाईट?"

दिग्दर्शकांचा चेहरा पडला. "वाईट एकच. माझी पिशवी कापली."

"कसली पिशवी?"

"अहो, बर्फ वितळणार ना! पाणी ओघळलं की वजन कमी होणार, अलार्म वाजणार. म्हणून माझे चोर बर्फ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवतात. वितळला तरी पाणी पिशवीत, वजन जसंच्या तसं! दोन वर्षं डोकं चालवलंय त्या पिशवीवर मी. आणि कात्रीनं तो आख्खा सीन उडवला. लांबी जास्त झाली म्हणे. आता पडद्यावर दिसतो तो नुसता बर्फ. उघडा. बिनपिशवीचा." त्यांनी रुमाल काढला. "लोक मला मूर्ख म्हणतील."

"आणि आवडण्यासारखं? गमतीचं?"

"हां, विनोद आहे ना. चोराची बायको. ती त्याला सारखी घालूनपाडून बोलते. 'घरातला लोणच्याचा डबा उघडत नाही, आणि निघाले बँक फोडायला!' आणि तो नळाचा सीन. बायको स्वयंपाकघरात नळ सोडून रडत असते, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. चोर मागून येतो, म्हणतो, 'पाणी वाया चाललंय,' आणि नळ बंद करून निघून जातो." ते आठवून स्वतःच हसले. "काल पोट धरधरून हसलो आम्ही."

बाई हसल्या नाहीत. "तुम्ही जा आता. पुढचा माणूस पाठवा."

दिग्दर्शक गेले, पण लांब नाही. शॉवरच्या काचेच्या कपाटात शिरून त्यांनी दार ओढून घेतलं. कपाट पूर्ण पारदर्शक आहे हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. बाईंनी एकदा मान वळवून पाहिलं, आणि सुस्कारा सोडून म्हणाल्या, "निदान शिंकू तरी नका."

३

हिरो काळा चष्मा लावून आला आणि कमोडवर असा बसला जणू सिंहासनच.

"चांगलं? मी. वाईट? माझे सीन कमी आहेत."

"बर्फाचा सीन?"

"त्याचं नाव काढू नका." त्यानं दोन बोटं पुढे केली. "दिवसभर तो बर्फ पिशवीत घाल, पिशवीतून काढ. ही बोटं अजून बधिर आहेत. आणि शेवटी कापला! आता मी सरबतातसुद्धा बर्फ घेत नाही. आईशप्पत."

"आणि चोराची बायको?"

"ती भारीच आहे हो. मी काल वहिनींना म्हटलं ना, वहिनी, ही तर हुबेहूब तुम्हीच!"

"मग त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही. भजी घ्या म्हणाल्या."

काचेच्या कपाटात दिग्दर्शकांना पहिल्यांदाच जरा गुदमरल्यासारखं झालं. पण कपाटाला हवा जायला जागा नव्हती, तेव्हा त्यांनी त्याचा दोष हवेला दिला.

मग कात्री आली. उंच, हाडकुळी, चष्मा कपाळावर.

"चांगलं काय ते एका वाक्यात सांगते," ती म्हणाली. "या सिनेमात बायको सोडून काही नाही. चोरी म्हणजे पोरखेळ. पहारेकरी तीनदा झोपतो, तिसऱ्यांदा तर उभ्या उभ्या. हिरो नकाशा बघताना नकाशा उलटा धरतो. पण ती बायको बोलायला लागली की माणूस खुर्चीत सरळ बसतो. मी सगळीकडे कापाकापी केली, तिच्या एका शब्दाला हात लावला नाही."

"आणि पिशवी?"

"पिशवी काढली आणि सिनेमा गाढवासारखा झाला, मान्य आहे. बिनपिशवीचा बर्फ हा धडधडीत मूर्खपणा आहे. पण कंटाळवाण्या शहाणपणापेक्षा मूर्खपणा परवडतो." ती पुढे झुकली. "बाई, एक सांगू? तो नळाचा सीन आहे ना, तो कुणी खुर्चीत बसून लिहीत नाही. तसले सीन घडलेले असतात."

"तुम्ही त्यांना विचारलंत?"

"विचारलं. म्हणाला, 'निरीक्षण.'"

तपासनीस बाईंनी काचेकडे पाहिलं. आत दिग्दर्शक 'निरीक्षण' या शब्दावर मान डोलवत होते.

४

सासरेबुवा बसायला तयार नव्हते. विक्रीच्या मालावर बसलं की माल जुना होतो, असं त्यांचं मत.

"चांगलं काय म्हणता? हिरो देखणा आहे. वाईट काय? लग्नच लागत नाही शेवटी."

"कुणाचं लग्न?"

"त्या हिरोचं. सुरुवातीला मुलगी बघायला जातो ना?"

"तो मुलगी बघायला जात नाही, शेठ. बँक बघायला जातो."

सासरेबुवा हळूच म्हणाले, "मी डोळे मिटून ऐकत होतो."

"कात्री म्हणाल्या, तुमच्या घोरण्यामुळे त्यांना आवाज वाढवावा लागला."

"दिवसभर दुकानात उभं राहून बघा एकदा!"

"हिरा कसा चोरला ते तरी माहितीये?"

"दरवाजा फोडला असेल. अजून कसा चोरतात?"

"म्हणजे सकाळी बर्फ दिसल्यावर तुम्हाला कसलीच शंका आली नाही?"

"आली की. वाटलं, वरच्यानं एसी लावलाय."

एवढ्यात चहाचा ट्रे घेऊन दिग्दर्शकांची बायको आली. साधी, नेटकी, केस घट्ट बांधलेले. तिनं बाईंना चहा दिला, वडिलांना दिला, आणि मग शांतपणे काचेच्या कपाटाचं दार उघडलं.

"या बाहेर. पायातली चप्पल कुणाची ते कळत नाही, आणि म्हणे चोर शोधतायत. ती माझी आहे, उजवी. दिवसभर एका पायावर हिंडतेय मी."

तपासनीस बाईंचा कप ओठांपाशीच थांबला. हेच शब्द नव्हते, पण हाच आवाज, हीच फेक, मघाशी दिग्दर्शकांनी करून दाखवलेली. फक्त इथे कुणी नक्कल करत नव्हतं.

"तुम्हाला सिनेमा कसा वाटला?" त्यांनी विचारलं. "चांगलं काय, वाईट काय?"

बायकोनं चप्पल ताब्यात घेतली. "चोरी छान जमलीये," ती म्हणाली.

बाईंनी चहा संपवला, कप खाली ठेवला, आणि उठल्या. "सगळ्यांना बोलवा. चोर कळला."

५

सगळे कमोड विभागात जमले. चोर बाहेरचा असू दे, दिग्दर्शक मनात म्हणत होते, वाटेल तो असू दे, पण बाहेरचा.

"या तिजोरीला वजनाचा अलार्म आहे?" बाईंनी विचारलं.

"साधी घंटासुद्धा नाही," सासरेबुवा म्हणाले.

"मग बर्फ कशाला? डिस्क उचलायची आणि चालू पडायचं. बर्फ ठेवायचं एकच कारण. आपण बघितल्यावर म्हणावं, हे सिनेमावाल्यांचं काम. म्हणजे बर्फ हे बोट आहे, आणि ते बोट दिग्दर्शक, हिरो आणि कात्री या तिघांकडे आहे. आता या तिघांतला कुणी स्वतःकडेच बोट कशाला दाखवेल?"

हिरोनं चष्मा काढला. त्याला हे समजायला डोळे उघडे लागत होते.

"दुसरं. तिजोरीत पिशवी नव्हती. बर्फ उघडा होता, म्हणून तर पाणी बाहेर आलं. या तिघांच्या डोक्यात बर्फ म्हटलं की पिशवी येते. एकानं ती शोधली, एकाची त्यात बोटं गोठली, एकीनं ती कापली. आणि दिग्दर्शकसाहेबांनी तर गळ्याशी सुरी लावली तरी बिनपिशवीचा बर्फ ठेवला नसता."

"कधीच नाही!" दिग्दर्शक छाती काढून म्हणाले.

"म्हणजे चोरानं सिनेमा पाहिलाय, पण फक्त कापलेला. काल, भिंतीवर, एकदाच. असे दोघेच. त्यातले शेठ झोपले होते. ते हिरोचं लग्न लावत होते, आणि बर्फ बघून त्यांनी प्लंबर बोलावला. राहिलं कोण?"

कुणी मान वळवली नाही, पण सगळ्यांचे डोळे वळले.

"सिनेमातल्या दोषानं मला चोर दाखवला," बाई म्हणाल्या, "आणि त्यातल्या एकुलत्या एक गुणानं कारण."

बायकोनं खांद्याची पर्स उघडली, डिस्क काढली आणि जवळच्या वॉशबेसिनमध्ये ठेवली. सकाळपासून ती तिच्याच खांद्याला होती.

नवरा काहीतरी बोलणार हे सगळ्यांना कळलं. तो घसा खाकरून बोलला.

"अगं, पण पिशवी का नाही ठेवलीस?"

कात्रीनं कपाळावर हात मारला.

"मोडून का नाही टाकलीत?" तपासनीस बाईंनी हळू आवाजात विचारलं.

"वाटलं, का घेतलीस असं तरी विचारतील," बायको म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आई गेली त्या आठवड्यातलं आहे ते नळाचं. तुम्ही हेच बोललात आणि बंद करून गेलात. तेव्हा वाटलं, लक्षात आलं नसेल. काल कळलं, चांगलं लक्षात आलं होतं. बाकी ठेवा सगळं. लोणच्याचा डबा ठेवा, मला चेटकीण दाखवा, काही म्हणणार नाही. तेवढा एक सीन काढा."

दिग्दर्शकांनी कात्रीकडे पाहिलं. "काढला तर?"

"तर उरतो बर्फ," कात्री म्हणाली. "आणि उलटा नकाशा." तिलाही ते सांगताना बरं वाटलं नाही.

सासरेबुवा मुलीकडे बघत नव्हते. ते टाइल्सकडे बघत होते. "त्या सीनला लोक हसतात का?"

"पोट धरून," हिरो म्हणाला.

"मग..." सासरेबुवांनी खांदे उडवले. "जावईबापूंनी ठरवावं."

दिग्दर्शकांना खरंच वाईट वाटलं. नळासमोर उभी असलेली तिची पाठ त्यांना आठवली, हलणारे खांदे आठवले. मग त्या खांद्यांमागे ओळीनं कमोड दिसायला लागले. त्यांनी वॉशबेसिनमधली डिस्क उचलून शर्टाला पुसली.

"शुक्रवारी लावू," ते डिस्ककडे बघत म्हणाले.

बायकोचं तोंड उघडलं. सगळे वाट बघत राहिले, काहीतरी जबरदस्त येणार म्हणून. तिनं तोंड मिटलं, कप गोळा केले आणि ट्रे घेऊन गेली.

"घरातच गेली, घरातच सापडली. विमा कंपनीचा संबंध संपला," तपासनीस बाई पिशवी उचलत म्हणाल्या. दारापाशी त्या थांबल्या. "साहेब, सिनेमा मी बघणार नाही. जिची चोरी झाली तिला भेटले, तेवढं पुरे."

६

चित्रपट चालला. बर्फ आला की लोक ओरडत, "अरे वितळेल तो!" आणि बायको आली की टाळ्या पडत. नळाच्या सीनला तर थिएटर डोक्यावर घेत. दुसऱ्या आठवड्यात लोक पडद्यावरच्या चोराबरोबर एकसुरात म्हणू लागले, "पाणी वाया चाललंय!"

सासरेबुवांनी चकचकीत कोट शिवला आणि पूर्णवेळ निर्माते झाले. दुकान मुलीच्या हातात दिलं. ती दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायला गेली होतीच.

"दुसरा भाग," सासरेबुवा म्हणाले. "चोरीबिरी नको. नुसती बायको. महिन्याअखेर लिहून द्या. नाही दिलंत तर ते तुमचं कमोडचं अजून तसंच आहे, विसरू नका."

दिग्दर्शक लिहायला बसले. पहिल्याच ओळीत चोराची बायको आत आली. ती दारात उभी राहिली. ती उभीच राहिली. तिसऱ्या दिवशीही ती तिथेच, मख्खासारखी. घर इतकं शांत होतं की फ्रिजचा आवाज ऐकू येई.

मग त्यांना युक्ती सुचली. खिशातल्या फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं, दोन वेगवेगळे मोजे घातले, शर्टाची बटणं खालीवर लावली आणि दुकानात गेले.

"या, नमस्कार," बायको काउंटरमागून म्हणाली. "काय दाखवू आपल्याला?"

"माझे मोजे बघ ना."

"छान आहेत. बाथरूमसाठी हवंय की किचनसाठी?"

त्यांनी कोपरानं एक टाइल पाडली. महागातली. खळ्ळकन फुटली.

"असू द्या, असू द्या. लागलं नाही ना आपल्याला?" तिनं नोकराला हाक मारली. "साहेबांना पाणी द्या."

"अगं, घरातला नळ मी चालू ठेवून आलोय!" ते जवळजवळ ओरडलेच. "सकाळपासून! हौद रिकामा झाला असेल!"

तिच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी हललंसं वाटलं. फोन खिशात ऐकत होता.

"प्लंबरचा नंबर देऊ का?" ती म्हणाली.

महिना संपला. कागद कोराच होता. सोमवारी सकाळी दिग्दर्शक कमोड विभागात हजर झाले. विभागप्रमुखांनी, म्हणजे बायकोनं, त्यांचं हसून स्वागत केलं, बसायला स्वतः खुर्ची आणून दिली, जेवणाच्या सुट्टीत आठवणीनं जेवायला पाठवलं, आणि त्यांनी चुकीचं बिल फाडलं तेव्हाही 'होतं असं' म्हणून स्वतःच दुरुस्त केलं. दिवसभर ती त्यांच्याशी एक शब्दही वाकडा बोलली नाही.

संध्याकाळी तिनं विचारलं, "उद्या याल ना?" आणि दिग्दर्शक ढसाढसा रडायला लागले. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग सगळे दिवे मालवले, शटर अर्धं ओढलं, आणि ते वाकून बाहेर पडेपर्यंत अदबीनं धरून ठेवलं.